एला फिट्झजेराल्डची आठ साँगबुक्स : बरेच महिने ऐकल्यानंतर

जुनी अमेरिकन गाणी ऐकायची आहेत, सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की मी आता एकच उत्तर देतो : अमेरिकन जॅझ गायिका एला फिट्झजेराल्डची साँगबुक्स. गेल्या पावसाळ्यापासून मी जवळजवळ रोज हीच ऐकतोय. १९५६ ते १९६४ या काळात व्हर्व या रेकॉर्ड कंपनीने काढलेले हे आठ संच. एकेक संच एकेका गीतरचनाकाराला वाहिलेला : कोल पोर्टर, रॉजर्स-हार्ट, ड्यूक एलिंग्टन, अर्व्हिंग बर्लिन, गर्श्विन बंधू, हॅरल्ड आर्लेन, जेरोम कर्न आणि जॉनी मर्सर. १९९३ साली हे सगळं सोळा सीडींच्या पेटीत एकत्र आलं. आता स्ट्रीमिंगवरही आठही संच मिळतात.

ही बहुतेक गाणी ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरच्या, संगीत नाटकांतली, काही चित्रपटांतली. आपल्याकडे नाट्यपदं जशी नाटकातून सुटून मैफलीत आली आणि ज्यांनी ते नाटक कधी पाहिलं नाही त्यांच्याही तोंडी बसली, तसंच यांचं झालं. नाटक विस्मरणात गेलं, गाणं उरलं. पुढे प्रत्येक गायकाने ते आपापल्या परीने गायलं, वाकवलं, कापलं. म्हणूनच मला साँगबुक्स इतकी मोलाची वाटतात. इथे गाणं बरचसं मुळात जसं रचलं गेलं, तसं ऐकायला मिळतं.

याचा प्रत्यय येतो तो 'व्हर्स'मध्ये. या गाण्यांचा मुख्य भाग साधारण ३२ बारचा असतो (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक लहान गट). एक चाल दोनदा येते, मग वेगळ्या चालीचा 'ब्रिज', आणि पुन्हा पहिली चाल. पण त्याच्याही आधी पुष्कळ गाण्यांना एक प्रस्तावना असते, तिला व्हर्स म्हणतात. नाटकातल्या संवादातून गाण्यात शिरण्याची ती वाट. बोलल्यासारखी चाल, मोकळी लय, आणि हे पात्र आत्ता का गातंय याचा उलगडा. नाटक मागे पडल्यावर पुष्कळ गायकांनी व्हर्स गाळून टाकली. एलाने साँगबुक्समध्ये कितीतरी गाण्यांची व्हर्स परत आणली. गर्श्विन संचातलं 'बट नॉट फॉर मी' ऐका. व्हर्समध्ये ती बाई जगातल्या सगळ्या आशावादी माणसांवर वैतागलेली आहे. तो वैताग ऐकल्यानंतर मुख्य चाल सुरू झाली की तिच्यातला गोडवा निराळाच लागतो. या गाण्यासाठी एलाला ग्रॅमी मिळालं ते योग्यच झालं.

आता एलावरचा नेहमीचा आक्षेप. ती फार सरळ गाते, दुःखाच्या गाण्यातही तिचा आवाज प्रसन्न राहतो, शब्दांच्या अर्थात ती बुडत नाही, असं जाणकार म्हणत आले आहेत. पहिल्या काही आठवड्यांत मलाही ते पटत होतं. पण पोर्टरचं 'एव्हरी टाइम वी से गुडबाय' पुन्हापुन्हा ऐकताना माझं मत पालटलं. या गाण्यात एके ठिकाणी शब्द म्हणतात की निरोप घेताना सूर मेजरमधून मायनरमध्ये, म्हणजे उजळ रंगातून उदास रंगात, जातो, आणि नेमक्या त्याच जागी खालची सुरावट खरोखरच मेजरची मायनर होते. दुसरा कुणी गायक तिथे थांबला असता, आवाज कापरा केला असता. एला काहीच करत नाही. स्वच्छ सूर लावते आणि पुढे जाते. त्यामुळे ती कलाटणी पोर्टरची म्हणून ऐकू येते, आणि काळजाला जास्त लागते. हा सरळपणा म्हणजे भावनेचा अभाव नाही. गाण्याला पुढे करून स्वतः एक पाऊल मागे राहणं हा तिचा निर्णय आहे, आणि त्याला लागणारा दमसास, शब्दफेक आणि सुराचा नेमकेपणा असामान्य आहे.

हे कान तयार झाल्यावर बाकीचे थोर गायकही मला नव्याने ऐकू येऊ लागले. जॅझ गायिका बिली हॉलिडेने १९३९ मध्ये गायलेलं 'द मॅन आय लव्ह' मला आधी नुसतं उदास वाटायचं. एलाकडून गर्श्विनची मूळ चाल अंगवळणी पडल्यावर कळलं की बिलीने तिचे चढउतार किती दाबून घेतलेत, कुठल्या शब्दाला लयीच्या मागे मुद्दाम रेंगाळत ठेवलंय. गायक फ्रँक सिनात्राचंही तेच. 'इट नेव्हर एन्टर्ड माय माइंड' हे रॉजर्स-हार्टचं गाणं त्याने १९५५ मध्ये आणि एलाने १९५६ मध्ये गायलं. सिनात्रा ते रात्री एकट्याने जागणाऱ्या माणसासारखं गातो, त्याच्या मोठ्या श्वासांवर वाक्यं एकमेकांत मिसळत जातात. एला ते गाणं तुमच्यासमोर उलगडून ठेवते. दोन्ही हवीत. पण क्रम हाच हवा : आधी गाणं, मग गायकाने त्याचं काय केलं ते.

सगळ्या आठ संचांतून एकच गाणं निवडायचं झालं तर मी रॉजर्स-हार्ट संचातलं 'बिविच्ड' निवडेन. १९४० च्या 'पॅल जोई' नाटकातलं हे गाणं एक श्रीमंत, वयाने मोठी बाई आपल्या तरुण, बिनकामाच्या प्रियकराबद्दल गाते. एला ते सात मिनिटं गाते. व्हर्स, मग एकामागून एक कडवी, चाल तीच. लॉरेन्झ हार्टचे शब्द खट्याळ, मधूनच बोचरे, आणि शेवटच्या कडव्यात ती बाई शुद्धीवर आलेली असते : मोह संपला. एला या सगळ्या प्रवासात कुठेही नाटकी होत नाही. पण शेवटाकडे येईपर्यंत त्याच सुरांचा अर्थ पार उलटलेला असतो. तीन मिनिटांच्या लहान आवृत्त्या ऐकून यातलं काहीच हाती लागत नाही.

पोर्टरच्या संचातलं 'मिस ओटिस रिग्रेट्स' नुसत्या पियानोवर आहे. जेवणाला येऊ न शकल्याबद्दल नोकराने दिलेला अतिशय सभ्य निरोप, आणि त्या निरोपाच्या आड एक खून आणि जमावाने दिलेली फाशी. एका कृष्णवर्णीय गायिकेच्या तोंडून १९५६ साली हे गाणं ऐकणं साधी गोष्ट नव्हती. त्याच्या आदल्याच वर्षी ह्यूस्टनमध्ये कार्यक्रमाच्या वेळी पोलिसांनी तिला पडद्यामागून अटक केली होती. कार्यक्रमाचा आयोजक नॉर्मन ग्रान्झ गोऱ्या-काळ्या श्रोत्यांना वेगळं बसवायला नकार देत असे. पुढे त्यानेच व्हर्व काढली आणि साँगबुक्सची कल्पना प्रत्यक्षात आणली. बर्लिन, गर्श्विन, आर्लेन ही ज्यू स्थलांतरित घरांतली माणसं. बर्लिन तर लहानपणी रशियन साम्राज्यातून न्यूयॉर्कला आलेला. त्यांच्या गाण्यांना असा आवाज मिळाला याचं मला फार अप्रूप वाटतं.

एलिंग्टनचा संच बाकीच्यांपेक्षा वेगळ्या जातीचा आहे. मुळातली पुष्कळ रचना वाद्यांसाठीची, त्यामुळे 'चेल्सी ब्रिज'मध्ये एला शब्दांशिवाय गाते आणि बँडमधलंच एक वाद्य होऊन जाते. 'सॉलिट्यूड' आणि 'इन अ सेंटिमेंटल मूड'ला साथीला फक्त बार्नी केसेलची गिटार आहे. ही दोन गाणी मी रात्री उशिरा, हेडफोनवर ऐकतो.

उणिवाही सांगायला हव्यात. पोर्टर आणि रॉजर्स-हार्टसाठी बडी ब्रेगमनने केलेलं वाद्यसंयोजन काही गाण्यांत सपाट वाटतं, ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) नको तिथे जोरात येतो. बर्लिन संचातली काही गाणी जास्तच गुळगुळीत आहेत. गर्श्विन संच मूळ पाच लाँगप्ले तबकड्यांचा. त्यातलं नेल्सन रिडलचं वाद्यसंयोजन अप्रतिम असलं तरी सलग ऐकला तर कान थकतात. स्ट्रीमिंगवर मूळ संचाच्या शेवटी वगळलेले टेक, म्हणजे ध्वनिमुद्रणाचे बाजूला ठेवलेले प्रयत्न, जोडलेले असतात, तेव्हा मूळ गाण्यांची वेगळी यादी करून ठेवा. आणि ही गाणी काम करता करता मागे लावून ठेवण्याची नाहीत. तशी लावली तर हॉटेलातल्या संगीतासारखी विरून जातात. एका बैठकीला चार-पाच गाणी, शब्द समोर ठेवून, एवढंच पुरे.

आपल्या कानांना हे संगीत वाटतं तितकं परकं नाही. एकेकाळी मुंबईच्या ताज हॉटेलात गोव्याचे वादक या वळणाचं संगीत वाजवत होते. त्यांच्यापैकी ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट पुढे सी. रामचंद्रांबरोबर हिंदी चित्रपटांत काम करत होते. त्या काळच्या नाचगाण्यांवर वाढलेल्यांना आर्लेनचा संच चटकन भिडेल, कारण बिली मेच्या वाद्यवृंदात तोच झुलता ठेका आहे आणि आर्लेनच्या चालींत ब्लूजचा, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या लोकसंगीताचा, रंग आहे.

नव्याने ऐकणाऱ्याने रॉजर्स-हार्टपासून सुरुवात करावी, मग आर्लेन, मग एलिंग्टन. पोर्टर त्यानंतर, शब्दांची गोडी लागल्यावर. गर्श्विन महिनाभर पुरवून पुरवून ऐकावा. कर्न आणि मर्सरचे संच छोटे आहेत, ते मध्ये कधीही चालतील. मर्सरचा मात्र सोडू नका : आठांतला हा एकच संच गीतकाराचा, आणि चाली वेगवेगळ्या संगीतकारांच्या असूनही 'स्काइलार्क' आणि 'मिडनाइट सन' एकाच हाताने लिहिलेली आहेत हे ऐकताक्षणी कळतं.