हायपोचे खडे आणि पुण्याचं नळाचं पाणी: तिन्ही ऋतूंतल्या वापरानंतर

गेल्या उन्हाळ्यात मी फिशटँकसाठी दुकानातली अँटिक्लोरीनची (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणाऱ्या द्रावणाची) छोटी बाटली घेणं थांबवलं आणि हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे वापरायला लागले. आता पावसाळा आणि थंडीही त्यावरच निघाली आहे. महापालिकेचं पाणी येत असेल तर खुशाल हेच घ्या. टँकरच्या पाण्यावर मात्र एवढ्यावर विसंबू नका.

खडे स्वस्त पडतात हे खरंच, पण माझ्यासाठी मुख्य मुद्दा प्रमाणाचा आहे. मी घेत होते त्या बाटलीवर 'इतक्या लिटरला इतके थेंब' एवढंच लिहिलेलं असायचं. आतलं द्रावण किती कडक आहे याचा पत्ता नाही. खड्यांचा हिशोब सरळ आहे. 1 मिलिग्रॅम क्लोरीनला साधारण 7 मिलिग्रॅम खडे लागतात. मी 100 ग्रॅम खडे उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून एक लिटर द्रावण करते. खडे विरघळताना बाटली हाताला चांगलीच गार लागते, ते नेहमीचंच आहे. 20 लिटरच्या बादलीला या द्रावणाचे 2 मिली घातले की लिटरमागे सव्वा मिलिग्रॅमपर्यंतचं क्लोरीन निघून जातं. डोस सिरिंजनेच मोजा, झाकणाने अंदाजपंचे नको.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलेलं असावं लागतं. आपल्याला ते हवंच, पण तेवढ्यानेही माशांचे कल्ले होरपळतात आणि फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतात. म्हणूनच बादलीत हायपो आधी, पाणी टँकमध्ये नंतर.

पुण्यात खरी गंमत पाणी कुठून भरता यात आहे. गच्चीवरच्या टाकीत पाणी काही तास पडून राहतं, त्यामुळे त्यातलं क्लोरीन बरंच उतरलेलं असतं. थेट लाइनच्या नळाला ते जास्त असतं. गुरुवारच्या बंदनंतर शुक्रवारी पाणी आलं की मी ऑर्थोटोलिडीनचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या रसायनाचे थेंब टाकून बघतेच. परीक्षानळीतलं पाणी फिकट पिवळं झालं तर नेहमीचा डोस, गडद पिवळं झालं तर दुप्पट. (ते तपासलेलं पाणी बेसिनमध्येच ओता, टँकमध्ये चुकूनही नको, ते रसायन विषारी आहे.) सोसायटीची टाकी धुऊन तिच्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली असेल, तर त्या दिवशी पाणी बदलूच नका. वॉचमनकाकांना आधी विचारून ठेवलेलं बरं.

आता टँकर. उन्हाळ्यात आमच्याकडे पाणी कमी पडलं की टँकर येतो, आणि तो बहुतेक बोअरचा असतो. खडकवासला धरणाचं पाणी मऊ, टीडीएस (विरघळलेले क्षार) कमी, बोअरचं जड. हायपो फक्त क्लोरीन काढतं, जडपणा तसाच राहतो. त्याहून वाईट म्हणजे, पाण्यात आधीच अमोनिया असेल आणि वरून क्लोरीन टाकलेलं असेल तर क्लोरामाइन तयार होतं. हायपोने ते तुटतं, पण अमोनिया मोकळा होतो, आणि पीएच आणि तापमान जितकं जास्त तितका तो माशांना घातक. तेव्हा अशा दिवसांत मी पाणी थोडंच बदलते आणि अमोनिया टेस्ट करते. त्यासाठी सीकेम प्राइम या तयार क्लोरीन-काढू द्रावणाची एक बाटली वेगळी ठेवली आहे, 200 लिटरला 5 मिली. ती अमोनियाही बांधून ठेवते असं कंपनी सांगते, पण मी टेस्ट किटवरच भरवसा ठेवते.

पाणी रात्रभर उघडं ठेवून क्लोरीन उडवता येतंच, हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन लावला तर आणखी लवकर. क्लोरामाइन मात्र तसं उडत नाही. आणि टूबीएचकेमध्ये बादल्यांची रांग कुठे लावणार?

खटकलेली एकच गोष्ट म्हणजे द्रावण टिकत नाही. उजेडात ठेवलं की गढूळ होतं आणि तळाशी पांढुरका-पिवळसर गाळ बसतो, तो गंधकाचा. काळ्या बाटलीत, कपाटात ठेवा, आणि गाळ दिसला की नवं करा. खडे मात्र घट्ट झाकणाच्या बरणीत कोरडे राहिले तर खूप टिकतात. मी ते रविवार पेठेतल्या केमिकलच्या दुकानातून आणते. अर्धा किलो घेतले तरी एका टँकला वर्ष सहज निघतं.