सल्लागार समितीसाठी मिनिट बुक: ३८० रुपये वसूल होतात का?

मिनिट बुक म्हणजे बैठकीचं इतिवृत्त, काय ठरलं त्याची नोंद, लिहायची वही. ही बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या एका जुन्या स्टेशनरीवाल्याकडून घेतली. हिरवा कापडी पुठ्ठा, शिवलेली बांधणी, फुलस्केप माप. किंमत ऐकून आमचे खजिनदार म्हणाले, "बाई, साधी वही साठ रुपयांत येते." येते की! पण साध्या वहीतलं पान फाडलं तर पत्ता लागत नाही. हिच्यात प्रत्येक पानावर छापील क्रमांक आहे. वरचे सगळे पैसे त्या क्रमांकाचे, आणि मला ते जड वाटले नाहीत.

आमचं वाचनालय सरकारी अनुदानावर चालतं, त्याच्या सल्लागार समितीची मी बिनपगारी चिटणीस. माहिती अधिकार कायदा २००५ चा. त्याच्या कलम ४(१)(ख)(आठ) प्रमाणे कार्यालयाला आपल्या समित्यांची यादी जाहीर करावी लागते, सल्ल्यापुरत्या समित्यांचीसुद्धा. त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का, इतिवृत्त पाहायला मिळतं का, हेही सांगावं लागतं. बैठक खुली ठेवाच, असं मात्र हे कलम म्हणत नाही. आमच्या नावापुढे कुणीतरी "इतिवृत्त उपलब्ध" असं ठोकून दिलं होतं. प्रत्यक्षात ते सुट्या कागदांवर, अर्धं कुणाच्या तरी डायरीत.

मग एका वाचकाचा अर्ज आला: मराठी मासिकं बंद करायचं कुणी ठरवलं? आम्ही "बंद करू नका" असंच सांगितलं होतं, निर्णय वरचा. पण दाखवायला कागद कुठाय? दांडियाबाजारात भाजी घेताना लोक मला जाब विचारायचे. फुकट काम करायचं आणि वर हे! दोन सभासदांनी राजीनामे दिले ते याच कटकटीपायी. तेव्हा ही वही आणली.

उजवीकडे सह्यांसाठी वेगळा रकाना आहे, सुरुवातीला विषयसूचीची पानं आहेत. त्या सूचीमुळे जुना ठराव चटकन सापडतो. आमचे एक निवृत्त इंजिनिअर सभासद आधी हटून बसले, "माझं बोलणं लिहिणार असाल तर मी तोंडच उघडत नाही." तोड काढली: भाषणं नाही लिहायची, फक्त ठराव, सूचक, अनुमोदक आणि विरोध असेल तर विरोध करणाऱ्याचं नाव. पुढच्याच बैठकीत त्यांनी तीनदा विरोध केला आणि तिन्ही वेळा नाव नीट लिहिलंय ना, हे चष्मा लावून पाहिलं.

कॅलिफोर्नियातली माझी भाची तिथल्या शहराच्या ग्रंथालय समितीवर आहे, तीही बिनपगारी. (सयाजीरावांनी १९१० मध्ये ग्रंथालयं उभारायला बोर्डन नावाचा अमेरिकन माणूस बडोद्याला आणला होता, हे तिला मीच सांगितलं.) ती म्हणते, "मावशी, तुमची वही परवडली." तिथला ब्राउन कायदा, म्हणजे स्थानिक संस्थांच्या बैठका लोकांना खुल्या ठेवायला लावणारा, १९५३ चा. नगर परिषदेने रीतसर नेमलेली सल्लागार समितीही त्यात येते. नेहमीच्या बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी लावायची, पत्रिकेत नाही त्यावर चर्चा नाही. पाच सभासदांपैकी दोघं कॉफी पिता पिता समितीचा विषय बोलले तर चालतं. त्यातल्या एकाने तेच तिसऱ्याशी फोनवर चर्चिलं की बैठकीबाहेरच बहुमताची चर्चा झाली, नियम मोडला. २०२१ पासून तर समितीच्या विषयावर सहकाऱ्याने समाजमाध्यमावर काही टाकलं, तर त्याला नुसता अंगठाही दाखवायचा नाही. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अंगठ्यांवरच ठराव पास होत होते! आता तिथे फक्त वेळ आणि चहा कोण आणणार एवढंच. मला विचाराल तर तिथलं जरा अतीच आहे, एवढ्या बंधनात फुकट काम करायला माणसं मिळायची कशी? पण पत्रिका आधी लावायची पद्धत मी उचलली, नोटीस बोर्डावर.

आता वहीचे दोष. शाईचं पेन वापरलंत तर मागच्या पानावर उमटतं, बॉलपेनच घ्या. दुसरं जास्त त्रासाचं: बांधणी इतकी घट्ट की वही सपाट उघडत नाही. अर्जदाराला पानामागे २ रुपये घेऊन झेरॉक्स द्यायची आणि मधल्या शिवणीपाशी काळा पट्टा, पहिले शब्दच गायब. डावीकडे दोन बोटं जागा सोडून लिहा.

पाचपैकी चार तारे. घेणार असाल तर ए-फोर मापाची मागा, दुकानदार आधी फुलस्केपच पुढे करतो. फुलस्केप पान ए-फोर झेरॉक्सवर खालून कापलं जातं आणि अध्यक्षांची सही नेमकी तिथेच असते.