‘ड्राइव्ह असताना बॅक गिअर कशाला?’ असं सांगून विकलेला लेथ

जुना लेथ, म्हणजे जॉब गोल फिरवून टूलने कापणारं यंत्र, घ्यायला निघालेल्या माणसाला सगळे एकच सांगतात: बेड बघ, स्पिंडलला (जॉब फिरवणाऱ्या मुख्य दांड्याला) प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे का बघ, लीड स्क्रू झिजलाय का बघ. हे सगळं मी बघितलं होतं आणि ते बऱ्यापैकी ठीकच निघालं. फसवणूक झाली ती लेथ फिरवणाऱ्या भागात. मोटर, पुल्या, बॅक गिअर (स्पीड कमी करून ताकद वाढवणारी दातेरी चक्रं) आणि वर ‘फुकट’ बसवून दिलेला ड्राइव्ह, म्हणजे मोटरची स्पीड कमीजास्त करणारी इलेक्ट्रॉनिक पेटी. तिथे गिऱ्हाइकाची नजर जात नाही, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

आमच्या गोव्यात डिचोली-सत्तरीकडे जुन्या यंत्रांना तोटा नाही. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या, मध्ये थोड्या चालल्या, २०१८ च्या मार्चात पुन्हा थांबल्या. ट्रकवाल्यांची, बार्जवाल्यांची वर्कशॉपं ओस पडली आणि तिथली यंत्रं मिळेल त्या भावात बाहेर पडली. काही चांगल्या हातांत गेली. काही व्यापाऱ्यांनी उचलली, वर रंग मारला आणि ‘खाण कंपनीचा लेथ’ म्हणून उभी केली. तेव्हापासून कुठलाही लेथ विकायचा असला की तो खाण कंपनीचाच असतो, मग तो पंजाबातल्या बटाल्याहून परवाच ट्रकमधून उतरलेला का असेना.

माझा लेथ साडेपाच फुटी, चार पायऱ्यांच्या कोन पुलीचा, म्हणजे पट्टा एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर टाकून स्पीड बदलायची. फोंड्याच्या बाजूला एका गोदामात उभा होता. व्यापाऱ्याचं नाव लिहीत नाही, कारण सिद्ध करता येईल असं त्याने कागदावर काही ठेवलेलंच नाही. ते पुढे येईल. माझ्या शेडमध्ये सिंगल फेज आहे हे मी सांगताच तो म्हणाला, “पात्रांव, काळजीच नको. तीन एचपीची थ्री फेज मोटर आहे, तिच्यावर ड्राइव्ह बसवून देतो. नॉब फिरवा, पाहिजे ती स्पीड.” बॅक गिअरचा दांडा हलत नव्हता. कव्हर बोल्टने आवळून वरून रंग मारला होता. विचारलं तर हसला. “ड्राइव्ह असताना बॅक गिअर कशाला? आज कोण वापरतो तो?”

हे वाक्य लक्षात ठेवा. जो लेथ विकताना असं म्हणतो, तो बहुतेक करून तुटलेला बॅक गिअर लपवतोय.

गोदामात थ्री फेज होती. त्याने स्टार्टरवर लेथ चालू केला, पंचवीस मिलीमीटरची एमएसची (साध्या पोलादाची) सळई चकमध्ये, म्हणजे जॉब धरणाऱ्या पकडीत, धरली आणि एक कट मारून दाखवला. सुरेख चिप निघाली, फिनिशही छान. लाखाच्या वर सौदा ठरला. काही रक्कम यूपीआयने, उरलेली रोख.

लेथ शेडमध्ये आला, त्याच्या पोराने ड्राइव्ह जोडला, रिकामा चक फिरवून दाखवला. नॉब डावीकडे, चक हळू; नॉब उजवीकडे, चक भन्नाट. रिव्हर्सचं बटणही कौतुकाने दाबलं. इथे एक गोष्ट सांगून पुढे जातो. या लेथचा स्पिंडल आट्याचा आहे, म्हणजे चक त्यावर स्क्रूसारखा बसतो. अशा लेथला झटक्यात रिव्हर्स दिला, किंवा थांबण्याची वेळ ड्राइव्हमध्ये फार कमी ठेवली, तर चक स्वतःच्या फिरण्याच्या झोकाने सुटायला लागतो. पोरगा गेल्यावर मी चकवर हात ठेवला तर तो अर्धा आटा सैल झालेला होता. दहा इंची बिडाचा (कास्ट आयर्नचा) चक आहे तो. पायावर पडला असता तर हा अनुभव इस्पितळातून लिहिला असता. ते रिव्हर्स मी सेटिंगमधून त्याच संध्याकाळी बंद केलं.

खरी गंमत पहिल्या मोठ्या जॉबला. एका पंपवाल्याची बिडाची पुली आली, २४० मिलीमीटर व्यासाची, तोंड मारायचं, म्हणजे बाजू सपाट कापायची होती. एचएसएस (हाय स्पीड स्टीलच्या) टूलने बीड कापायचं तर मिनिटाला २० मीटरच्या आसपास कटिंग स्पीड धरतात. २० ला १००० ने गुणा, मग ३.१४ गुणिले २४० ने भागा: साधारण २७ आरपीएम, म्हणजे मिनिटाला २७ फेरे. नॉब खाली आणत आणत चक तेवढा हळू केला, टूल लावलं, आणि चक उभाच राहिला. टूल पुलीला नुसतं टेकलं होतं, कट म्हणावा इतकंही आत गेलं नव्हतं. मोटरचा गुंऽऽ आवाज, ड्राइव्हवर ओव्हरलोडची खूण, बंद. कट अजून बारीक केला, तरी तेच. थोड्या वेळाने मोटरला हात लावला तर चटका बसला.

व्यापाऱ्याला फोन केला. “नवीन आहे ना, हात बसेल. स्पीड वाढवा जरा.” वाढवली असती तर बिडावर टूलचं टोक जळालं असतं, हे लेथवर चार दिवस काढलेल्या कुणालाही कळतं. त्यालाही कळत होतं.

मग मी मोजायला बसलो. मोटरची पुली ७५ मिलीमीटर, काउंटरशाफ्टची (मोटर आणि स्पिंडलच्या मधल्या दांड्याची) ३००. प्लेटवर मोटर १४४० आरपीएमची. म्हणजे काउंटरशाफ्ट ३६० ने फिरायला हवा. कोन पुलीच्या सगळ्यात हळू पायरीला १०० वरून २२० वर पट्टा, म्हणजे स्पिंडल साधारण १६४. ड्राइव्ह ५० हर्ट्झवर, म्हणजे विजेच्या नेहमीच्या फ्रिक्वेन्सीवर, ठेवून टॅकोमीटर (आरपीएम मोजायचं यंत्र) धरला तर आकडा ३३० च्या आसपास. बरोबर दुप्पट. पुल्या खोटं बोलत नाहीत, मग मोटरच खोटी. १४४० ची मोटर म्हणजे चार पोलची (पोल म्हणजे आतले चुंबकी ध्रुव; ते जितके कमी तितकी मोटर वेगात). ही दोन पोलची होती, २८८० वाली, जी पंपाला लावतात.

प्लेट नीट बघितली. नवी कोरी, चकचकीत, आणि रिपिटऐवजी दोन स्क्रूंनी बसवलेली. बाजूला जुन्या रिपिटांची भोकं पुट्टीने बुजवलेली. मग टेप घेतली आणि मोटरच्या पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंत उंची मोजली: ८० मिलीमीटर. शाफ्ट १९ मिलीमीटरचा. स्टँडर्ड फूट माउंटेड थ्री फेज मोटरमध्ये हे माप ठरलेलं असतं. तीन एचपी, १४४० ची मोटर १०० च्या फ्रेमला (म्हणजे ही उंची १०० मिलीमीटर) येते, शाफ्ट २८ चा. दोन एचपी ९० च्या फ्रेमला, शाफ्ट २४ चा. ८० च्या फ्रेममध्ये १४४० ची साधारण एक एचपी बसते, २८८० ची फार तर दीड. प्लेट पाहिजे ती लावता येते, फ्रेम बदलता येत नाही. हे माप घ्यायला अर्धा मिनिट लागतो आणि मोटर सुरूही करावी लागत नाही.

मोटर म्हापशाच्या एका वाइंडरकाकांकडे नेली. त्यांनी टर्मिनल बॉक्स उघडला आणि तीनच वायरी बघून मान हलवली. इथे आणखी एक मेख होती, आणि ती मला सगळ्यात पाताळयंत्री वाटते. मोटर ४१५ व्होल्टची, आतून स्टारमध्ये (तिन्ही वाइंडिंगची एकेक टोकं एकत्र बांधून) जोडलेली, स्टारचा सांधा वाइंडिंगच्या पोटात बांधलेला. सिंगल फेजवर चालणारा ड्राइव्ह बाहेर थ्री फेज देतो खरी, पण ती २३० व्होल्टची. अशा ड्राइव्हवर मोटर चालवायची तर ती डेल्टामध्ये (वाइंडिंगची टोकं एकमेकांना त्रिकोणात) जोडावी लागते आणि त्यासाठी सहा वायरी बाहेर हव्यात. ४१५ च्या स्टारला २३० दिले की टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने पडतो, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहूनही कमी उरतो. रिकामा चक मात्र झक्क फिरतो. गोदामात पूर्ण ४१५ वर कट मारून दाखवायचा आणि गिऱ्हाइकाच्या घरी नुसता चक फिरवून दाखवायचा, यातलं मर्म आता समजलं. अजाणतेपणी कुणी इतकी नीट रांग लावत नाही.

“सांधा बाहेर काढून सहा वायरी करून देतो,” काका म्हणाले, “पण बाबा, तुझं दुखणं तेवढ्याने जायचं नाही.” ते खरंच होतं. कारण उरला होता बॅक गिअर.

कव्हरचे बोल्ट रंगाने चिकटले होते, छिन्नी लावून काढले. आत ग्रीसचा लपका. स्क्रू ड्रायव्हरने ग्रीस खरवडत गेलो. मोठ्या चक्राचे दात एकामागून एक उघडे पडले, मग एका दाताचा रंग वेगळा दिसला, राखाडी, जरा फुगीर. टोक लावलं तर तो दात अख्खाच्या अख्खा सुटून हातात आला. एम-सीलचा होता. त्याच्या शेजारचे दोनही तसलेच. बोटाने आकार दिल्याचे ठसेसुद्धा होते.

ड्राइव्हने बॅक गिअरचं काम होतं का, हे नीट समजून घ्या, कारण हीच थाप घेऊन ही मंडळी फिरतात. ड्राइव्ह मोटरला हळू करतो, तिची ताकद वाढवत नाही. मोटर ५० हर्ट्झवर जेवढा टॉर्क देते, फार तर तेवढाच ती खाली देते; एचपी मात्र स्पीडच्या प्रमाणात घटत जाते. माझ्या पुलीसाठी २७ आरपीएम हवे होते, म्हणजे ड्राइव्ह ४ हर्ट्झच्या आसपास. दीड एचपीचे तिथे कागदावर ०.१२ उरतात, आणि स्टारच्या भानगडीने त्याचाही एक तृतीयांश. शिवाय मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर, तोही तेवढाच हळू, म्हणून तो चटका. बॅक गिअर याच्या उलट वागतो: या लेथचा सहास एक आहे, तो स्पीड सहा पट कमी करतो आणि त्याच हिशोबात टॉर्क सहा पट वाढवतो. भरलेला ट्रक चोर्ला घाटात टॉप गिअरमध्ये ठेवून नुसता हळू चालवून बघा, काय होतं ते.

व्यापाऱ्याकडे परत गेलो, तो सुटलेला दात खिशात घेऊन. त्याने दात हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाला, “खाणीवाल्यांनीच केलं असेल.” मोटरची प्लेट? “आली तशी दिली.” पैसे परत? त्याने मला माझीच पावती दाखवायला सांगितली. त्यावर लिहिलं होतं: ‘जुने लोखंड, १ नग, जसे आहे तसे’. लेथ हा शब्दच नाही, एचपी नाही, ड्राइव्ह नाही. तिथे आवाज चढवून काही होणार नव्हतं.

ग्राहक आयोगाचं एका ओळखीच्या वकिलांना विचारलं. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागू होत नाही, असं सगळे सांगतात, पण ते अर्धवट आहे. २०१९ च्या कायद्यात स्पष्ट सूट आहे: स्वतःच्या हाताने काम करून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त धरत नाहीत. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. माझी अडचण पावतीची. यूपीआयचा पुरावा आहे, पण त्या पैशात काय घेतलं हे तो पुरावा सांगत नाही. म्हणून पैसे देण्याआधी निदान व्हॉट्सॲपवर तरी लिहून घ्या: मोटर किती एचपीची, किती आरपीएमची, बॅक गिअर चालू आहे की नाही. खरं बोलणारा व्यापारी हे लिहून द्यायला कुरकुर करत नाही. मी दुसऱ्या एकाकडून नंतर मिलिंग व्हाइस घेतला, त्याने न मागता लिहून दिलं.

लेथ आता चालतो. बॅक गिअरचं चक्र नमुना देऊन बेळगावला उद्यमबागेत कापून आणलं. दोन एचपी, १४४० ची, ९० फ्रेमची मोटर घेतली, सहा वायरी बाहेर असलेली, डेल्टामध्ये जोडली. पुल्या त्याच ठेवल्या. स्पीड आता १६४, २८०, ४६३ आणि ७९२; बॅक गिअर टाकला की २७, ४७, ७७ आणि १३२. ड्राइव्ह ठेवलाय, पण ३५ ते ६० हर्ट्झच्या मध्येच, दोन पायऱ्यांमधली स्पीड जुळवण्यापुरता. व्यापाऱ्याची २८८० ची मोटर तशीच राहिली असती तर सगळ्यात वरच्या पायरीला स्पिंडल १५८० च्या पुढे गेला असता. जुन्या ब्राँझच्या बुशांवर आणि बिडाच्या चकवर ही स्पीड मी कुणाच्या शत्रूलाही लावायला सांगणार नाही. या सगळ्यात चाळीसेक हजार वर गेले.

त्याच गोदामात अजून लेथ उभे आहेत, ‘व्हेरिएबल स्पीड, बॅक गिअरची कटकट नाही’ अशा जाहिरातीसह. बघायला जाणार असाल तर टेप, टॅकोमीटर आणि २०० मिलीमीटरच्या वरचा बिडाचा आपला तुकडा घेऊन जा. कव्हर उघडायला लावा, ग्रीस पुसायला लावा, आणि ड्राइव्ह देणार असेल तर कट त्याच ड्राइव्हवर, त्या बिडावर, तीसच्या खालच्या आरपीएमला मारून दाखवायला सांगा.