क्लॅरिनेटच्या रीडची काचवाली डबी, वर्षभर वापरून सांगतोय

मी बेळगावात बँडमधी क्लॅरिनेट वाजवतो, लग्नाचा सीझन आणि गणपती. ही चार रीडची डबी मागवली (रीड म्हणजे माउथपीसला, तोंडात धरायच्या टोकाला, लावायची पातळ पट्टी, फुंकलं की तीच थरथरून सूर काढते) कारण रीडनी जीव काढला होता, मे महिन्यात अथणीला वरातीत झकास वाजलेली रीड गणपतीत खानापूरच्या पावसात तोंडाला लावली की नुसती फुसफुस, वरचे सूर चिरकायचे, आणि दोन दिवसांनी घरी तीच परत बरी. मला वाटायचं मालच खराब, आण नवा बॉक्स.

पण माल कशाला खराब असेल ओ, रीड म्हणजे बांबूसारखं दिसणारं गवत, अरुंडो डोनॅक्स, ते पाणी पिणारच. टोक जेमतेम ०.१ मिमी जाड, थुंकीनं लगेच फुगतं, मागचा जाड भाग अजून कोरडाच, म्हणून टोकाला लाटा पडतात. त्याला भ्यायचं नाही, वाटीभर पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवली की जातात. वाईट ते बूड, म्हणजे तो मागचा जाड भाग, वाकणं. बुडाला वरून साल असते ती पाणी घेत नाही, खालची उघडी बाजू घेते, दोन्हीकडं सारखं फुगत नाही सारखं वाळत नाही आणि रीड माउथपीसवर सपाट बसायची बंद होते, फटीतनं हवा जाते. माउथपीसचं मागचं तोंड तळहातानं दाबून हवा ओढून बघा, रीड जरा वेळ चिकटून टप्प करून सुटली तर चांगली, लगेच सुटली तर वाकलीय किंवा नीट बसलेली नाही.

आधी मी रात्रभर रीड माउथपीसवरच ठेवायचो, तिथंच चुकत होतं. आता पुसून काचेवर ठेवतो, रबर दाबून धरतं, काचेला खाचा आहेत म्हणून खालूनपण वाळते. चार रीड आलटून पालटून वाजवतो, बूड वाकायचं जवळजवळ थांबलंय.

जुलैत मात्र ओल्या रीड घालून डबी गच्च बंद केली आणि काळी बुरशी आली, एक टाकूनच दिली. आता पावसात आधी अर्धा तास उघडी ठेवतो. आणि आधीच वाकलेली रीड डबीत ठेवून सरळ होत नाही, ती बारीक पॉलिश पेपरवर हलक्या हातानं घासावी लागते.

उन्हाळ्याला पाच स्टार, पावसाळ्याला तीन. घेणार असाल तर आठ रीडची घ्या, सीझनला चार कमी पडतात.