फ्रीबीएसडी: अपग्रेडच्या दिवशी निवांत ठेवणारी सिस्टीम

माझ्याकडे डेबियन, रॉकी लिनक्स, ओपनबीएसडी आणि फ्रीबीएसडी अशी ऑपरेटिंग सिस्टीमची सगळी मंडळी एकत्र नांदतात. अपग्रेडची पाळी आली की सर्वांत निर्धास्त मी फ्रीबीएसडीवर असतो, ते झेडएफएस या फाइलसिस्टीमवरच्या बूट एन्व्हायर्नमेंटमुळे, म्हणजे जिच्यावरून मशीन सुरू करता येतं अशा सिस्टीमच्या जपून ठेवलेल्या प्रतीमुळे.

'बीईसीटीएल क्रिएट' ही कमांड आणि पुढे एक नाव, बस. चालू सिस्टीमची प्रत क्षणात तयार होते, कारण झेडएफएस तेव्हा काही कॉपी करतच नाही. पुढे जेवढे ब्लॉक बदलतील तेवढीच जागा जाते. नवा कर्नल (सिस्टीमचा गाभा) रुसला तर कन्सोल उघडायचा, मशीन सुरू होताना येणाऱ्या लोडरच्या मेन्यूत जुनं नाव निवडायचं, की मशीन होतं तसं उभं.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. पोस्टग्रेस या डेटाबेसचा डेटा 'वार डीबी' फोल्डरखाली जातो आणि इन्स्टॉलरच्या नेहमीच्या मांडणीत ती जागा रूटच्या, म्हणजे मूळ सिस्टीमच्याच डेटासेटमध्ये (झेडएफएसच्या कप्प्यात) येते. त्याला वेगळा डेटासेट द्या, नाहीतर सिस्टीम मागे नेताना डेटाबेसही मागे जाईल. आणि अपग्रेड होताच 'झेडपूल अपग्रेड' मारू नका. पूलची, म्हणजे झेडएफएसच्या डिस्कवरच्या एकत्रित साठ्याची, नवी फीचर्स चालू झाली की जुन्या एन्व्हायर्नमेंटला तो पूल उघडता येईलच असं नाही. अशा वेळी परतीची वाटच बंद होते.

मला दुसरी आवडते ती इथली शिस्त. पॅकेजमधून आलेलं जवळपास सगळं 'यूएसआर लोकल'खाली, आणि बूटला काय सुरू होतं ते बहुतेक सगळं 'आरसी डॉट कॉन्फ'मध्ये. दुसऱ्याने उभारलेला सर्व्हर अचानक गळ्यात पडला की याची किंमत कळते. हँडबुकही खरोखर वाचण्यासारखं आहे.

जेल, म्हणजे एकाच मशीनवर प्रोग्राम एकमेकांपासून वेगळे ठेवायची सोय, 2000 सालच्या 4.0 आवृत्तीपासून आहेत आणि उत्तम चालतात. पण तुमच्या टीमचं सगळं काम डॉकर या कंटेनरच्या साधनावर असेल तर लिनक्सच बरं.

लिनक्सवरून येणाऱ्यांचा पहिला वाद स्क्रिप्टशी होतो. बॅश, म्हणजे लिनक्सवरचा नेहमीचा शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम), इथे मुळात नसतो. टाकला तरी 'यूएसआर लोकल बिन'मध्ये बसतो, म्हणून पहिल्या ओळीत 'बिन बॅश' लिहिलेली प्रत्येक स्क्रिप्ट अडते. इथल्या 'सेड' या मजकूर बदलणाऱ्या कमांडला 'आय' पर्यायानंतर बॅकअपचं एक्स्टेंशन द्यावंच लागतं, रिकामं का होईना. नव्या स्क्रिप्ट मी साध्या पॉझिक्स (युनिक्सच्या सामायिक मानकातल्या) शेलमध्येच लिहितो; त्या ओपनबीएसडीवरही चालतात.