खांदा निखळल्यावर: झोळी आणि व्यायाम, की दुर्बिणीतून ऑपरेशन?

लालबाग-परळच्या कबड्डीच्या मैदानात चढाईपटू मध्यरेषेकडे हात लांबवतो आणि त्याच वेळी तिघे मिळून त्याला मागे खेचतात. वर उचललेला, बाहेर वळलेला हात असा ओढला गेला की हाडाचा गोळा वाटीतून पुढे सरकतो. निखळलेल्या 100 खांद्यांपैकी साधारण 95 पुढच्याच बाजूला निखळतात.

ओळखायचं कसं? खांद्याची गोलाई जाऊन तिथे कोपरा दिसतो, बोट लावलं तर खड्डा लागतो. खेळाडू दुसऱ्या हाताने कोपर धरून बसतो, हात अंगाशी टेकवू देत नाही. कॉलरबोनचं टोक उचललं गेलं तरी लोक ‘खांदा निखळला’ म्हणतात, पण त्यात खांद्याच्या माथ्यावर टेंगूळ येतं आणि गोलाई शाबूत राहते. फिट किंवा विजेचा झटका आल्यानंतर हात आत वळून पोटाशी अडकला असेल, तर खांदा मागे निखळल्याची शंका घ्या. समोरून काढलेल्या एकाच एक्स-रेमध्ये तो निसटून जातो, म्हणून त्याच खांद्याचा दुसऱ्या कोनातूनही काढायला सांगा.

मी सतरा वर्षांचा असताना माझा खांदा मैदानातच एका जाणत्या माणसाने काखेत टाच देऊन, हात ओढून बसवला. खांदा बसला, पण पुढे कित्येक दिवस दंडाच्या बाहेरच्या बाजूला स्पर्श कळत नव्हता. तिथली नस आधीच दुखावली होती की ओढताना, हे कळायला मार्ग नाही, कारण ओढण्याआधी कोणी तपासलंच नाही. हाड मोडलेलं असेल तर ओढल्याने ते आणखी सरकतं. मुंबईतल्या केईएम, सायन, नायर, कूपर या रुग्णालयांपैकी जवळच्या कॅज्युअल्टीत गेलात तर आधी नाडी आणि स्पर्श पाहतात, एक्स-रे काढतात, वेदना कमी करून हात हलकेच फिरवत सांधा बसवतात आणि पुन्हा एक्स-रे घेतात. या बाबतीत माझ्या मनात शंका उरलेली नाही: मैदानात कोणालाही हात ओढू देऊ नका. काखेत टॉवेलची घडी ठेवा, अंगठी काढा आणि काही खाऊ-पिऊ नका, कारण गुंगी द्यावी लागू शकते.

खरा निर्णय सांधा बसल्यानंतरचा, आणि तो वयावर फिरतो. निखळताना वाटीच्या कडेची कूर्चा, म्हणजे रबरासारखी लवचिक कड, सहसा फाटते. लंडनचे सर्जन बँकार्ट यांनी 1923 साली हीच इजा वारंवार निखळण्याचं मूळ म्हणून मांडली. विशीच्या आतला मुलगा कबड्डीच खेळत राहणार असेल, तर नुसत्या झोळीवर खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता निम्म्याहून बरीच जास्त असते, आणि दर वेळी हाडाची कडा थोडी झिजते. अशा मुलाने पहिल्याच वेळेनंतर एमआरआय करून ऑपरेशनचा विचार करावा, असं मला वाटतं. दुर्बिणीतून कूर्चा पुन्हा हाडाला टाके घालून बसवतात. हाडच बरंच झिजलं असेल तर ते टाके पुरत नाहीत. तेव्हा लॅटार्जे पद्धतीने शेजारच्या हाडाचा तुकडा वाटीच्या कडेला स्क्रूने बसवतात, ऑपरेशन मोठं होतं.

किंमत वेळेत मोजायची तर झोळी एक ते तीन आठवडे, मग फिजिओ, आणि साधारण तीन महिन्यांनी खेळ. ऑपरेशननंतर झोळीच जवळपास महिनाभर आणि पकडीचा खेळ सुमारे सहा महिन्यांनी. जंतुसंसर्ग, आखडलेला खांदा आणि क्वचित पुन्हा निखळणं, हे धोके तिथेही आहेतच.

पस्तिशीतल्या, कार्यालयात बसून काम करणाऱ्या माणसाने मात्र घाई करू नये. झोळी, मग मनापासून केलेला व्यायाम, आणि पुन्हा निखळला तर ऑपरेशनचं बोलावं. चाळिशीनंतर पुन्हा निखळण्याची भीती कमी, पण खांदा उचलणारे स्नायुबंध फाटलेले असू शकतात. सांधा बसून दोन आठवडे झाले तरी हात वर जात नसेल तर सोनोग्राफी किंवा एमआरआय लांबवू नका. या वयात झोळी उगाच जास्त दिवस ठेवली तर खांदा आखडतो.

कुठलाही मार्ग धरा, पहिले काही महिने लोकलमध्ये वरची कडी त्या हाताने धरू नका. ब्रेकचा धक्का बसला की हात नेमका चढाईतल्यासारखाच ताणला जातो. मैदानात उतरण्याआधी डॉक्टर हात चेंडू फेकायच्या स्थितीत नेऊन पाहतात. ‘आता निसटेल’ असं वाटलं तर ते त्यांना तिथेच सांगा, संघनिवड दुसऱ्या दिवशी असली तरी.