व्हॉल्व्हचा गिटार अँप घरी बांधताना: फीडबॅकवाला चॅम्प की फीडबॅकविना १८ वॅट?

गिटारसाठी व्हॉल्व्हचा (म्हणजे काचेच्या इलेक्ट्रॉन नळ्यांवर चालणारा) अँप स्वतः बांधायचं ठरलं की शोधता शोधता बहुतेक जण दोन सर्किटच्या नकाशांपाशी येऊन थांबतात. एक फेंडरचा ५एफ१ चॅम्प: एक १२एएक्स७ (पुढच्या टप्प्यांचा छोटा व्हॉल्व्ह), एक ६व्ही६ (स्पीकर हलवणारा पॉवर व्हॉल्व्ह), साधारण ५ वॅट. दुसरा मार्शलचा १९६०च्या दशकातला १८ वॅटवाला: दोन ईएल८४ पॉवर व्हॉल्व्ह, पुश-पुल, म्हणजे जोडीने एकमेकांच्या उलट चालणारे. वॅटचे आकडे बघून निवड करू नका. ५ आणि १८ वॅटमधलं अंतर जेमतेम साडेपाच डेसिबल आहे आणि फ्लॅटमध्ये पूर्ण व्हॉल्यूमला दोन्ही शेजाऱ्यांपर्यंत पोचतात. खरा फरक निगेटिव्ह फीडबॅकचा आहे.

गिटार स्पीकरसमोर धरल्यावर जी शिट्टी येते, ती गोष्ट वेगळी. निगेटिव्ह फीडबॅक म्हणजे स्पीकरकडे निघालेल्या सिग्नलचा थोडा हिस्सा उलटा करून मागच्या टप्प्यात मिसळणं. बेल लॅब्जच्या हॅरोल्ड ब्लॅक यांना ही कल्पना १९२७ मध्ये टेलिफोनच्या कामातून सुचली. चॅम्पमध्ये तेवढ्यासाठी २२ केचा (२२ हजार ओहमचा) एकच रेझिस्टर आहे, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीपासून (स्पीकरकडच्या वेटोळ्यापासून) दुसऱ्या ट्रायोडच्या, म्हणजे १२एएक्स७च्या दुसऱ्या अर्ध्याच्या, कॅथोडपर्यंत. त्यामुळे गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) उतरतो, सूर स्वच्छ होतो, बास आवळलेला राहतो. पण ६व्ही६ची ताकद संपली की फीडबॅकलाही काही सावरता येत नाही, म्हणून स्वच्छ आवाजातून फाटलेल्या आवाजात जाणं जरा अचानक होतं. १८ वॅटवाल्यात हा लूपच (सिग्नल मागे नेणारा फेरा) नाही. तिथे डिस्टॉर्शन हळूहळू चढतं. पिक जोरात मारला की खरखर, हलका लावला की साफ. मात्र स्पीकरवरचा लगाम सुटलेला असतो, बास सैल पडतो आणि स्पीकर निवडताना चुकलात तर ते लगेच ऐकू येतं.

आता डिस्टॉर्शनचा ताबा. चॅम्पला एकच व्हॉल्यूम आहे, म्हणून मास्टर, म्हणजे पॉवर व्हॉल्व्हच्या आधी दुसरा व्हॉल्यूम, घालायचा मोह होतोच. तो दुसऱ्या ट्रायोड आणि ६व्ही६च्या मध्ये बसतो, म्हणजे थेट फीडबॅकच्या लूपमध्ये. मास्टर खाली आणला की फीडबॅकही दुबळा होतो आणि आवाजाचा पोत बदलतो. १८ वॅटवाल्यात फेज इन्व्हर्टरनंतर (दोन ईएल८४साठी सिग्नलच्या एकमेकांच्या उलट दोन प्रती करणाऱ्या टप्प्यानंतर) दुहेरी पॉट, म्हणजे बटणाने फिरवायचा रेझिस्टर, लावता येतो, लूप बिघडायचा प्रश्न नाही. पण त्या अँपची खरी गोडी ईएल८४ दमवण्यातच आहे. मास्टर उतरवला की उरते ती पुढच्या टप्प्यांची बारीक गुणगुण, आणि तेवढ्यासाठी इतका खटाटोप मला पटत नाही.

म्हणून घरी वाजवणाऱ्याला मी चॅम्पच सुचवेन, एका बदलासह: २२ केच्या मालिकेत २५० केचा, स्विचवाला पॉट. पॉट चढवत नेला की फीडबॅक घटतो, गेन वाढतो, अँप लवकर फाटतो. शेवटी स्विचने लूप पूर्ण तुटतो. फीडबॅकचं बटणच डिस्टॉर्शनचं बटण होतं, आणि पॉवर व्हॉल्व्हही त्यात सामील राहतो. ड्रमरसोबत साफ आवाजात वाजवायचं असेल तर मात्र ५ वॅट बुडतील. १८ वॅटच बांधा.

सामानात ट्रान्सफॉर्मर सर्वांत महत्त्वाचा. अमेरिकन नकाशातली मेन्सची प्रायमरी (विजेच्या बाजूचं वेटोळं) आपल्याकडे २३० व्होल्टची हवी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास विचारून वाइंडिंग करून घेणार असाल, तर चॅम्पच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरबद्दल एक गोष्ट ठणकावून सांगा: कोअरच्या लोखंडी पट्ट्यांपैकी सगळे ‘ई’ एका बाजूला, सगळे ‘आय’ दुसऱ्या बाजूला, मध्ये कागदाची गॅप. एकट्या ६व्ही६चा डीसी करंट प्रायमरीतून सतत वाहतो आणि कोअरला एकाच दिशेने चुंबकित ठेवतो. नेहमीसारख्या आलटूनपालटून पट्ट्या घातल्या तर कोअर सॅच्युरेट होतो (चुंबकत्वाने भरून जातो) आणि बास गायब होतो. पुश-पुलमध्ये दोन्ही बाजूंचा डीसी एकमेकांना काटतो, तिथे ही काळजी बरीच कमी.

दोन्ही अँपांत ३०० व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून जास्त डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये तो टिकतो. ब्लीडर रेझिस्टर (तो साठा हळूहळू रिकामा करणारा) लावाच, मीटरने शून्य दिसल्याशिवाय आत हात नको. अर्थिंगसह तीन पिनची वायर हवी, आणि स्पीकर जोडल्याशिवाय अँप सुरू करू नये.

चॅम्प पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा २२ केची वायर सोडूनच ठेवा. नीट वाजू लागला की बंद करा, कपॅसिटर रिकामे करा, मग ती जोडा. आवाज थोडा उतरला तर फेज बरोबर आहे, म्हणजे सिग्नल उलटाच मागे येतोय. किंचाळला तर सेकंडरीच्या दोन तारांची अदलाबदल करा.